पुतळी हार: व्हेनिसचं नाणं आज्जीच्या गळ्यात कसं आलं?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलले तसंच आहे, फक्त मधले "अं…" आणि कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

आधी एक काम करा. फोन हातात आहेच, तर गॅलरी उघडा आणि घरातल्या एखाद्या लग्नाचा फोटो शोधा. नवरानवरीचा नको. मागे उभ्या असलेल्या आत्या, काकू, मावशी, आज्जी यांचा. आता कुणाच्या तरी गळ्यात बघा. मानेला घट्ट बसलेली चिंचपेटी किंवा ठुशी असेल. त्याच्या खाली, अगदी पोटाच्या दिशेनं लोंबणारा एक लांब हार दिसतोय का? गोल गोल सोनेरी चकत्या, एकीला लागून दुसरी? सापडला? तोच पुतळी हार.

आता झूम करा. फोटो चांगला असेल तर चकतीवर काहीतरी उठलेलं दिसेल. दोन माणसं, मधे एक काठी, कडेनं बारीक रेघा. माझी आज्जी म्हणायची, "हे राम-सीता." मावसआज्जी म्हणायची, "छे गं, लक्ष्मी आहे ती." दोघी बहिणी, एकाच आईचा हार वाटून घेतलेल्या, आणि शेवटपर्यंत या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं नाही.

गंमत अशी की या चित्राची मूळ गोष्ट त्या दोघींच्याही कल्पनेपलीकडची आहे. ती सुरू होते इटलीत, 1284 साली.

गुडघे टेकलेला माणूस कोण?

व्हेनिस हे तेव्हा समुद्रावर पोट असलेलं शहर होतं. राजा नाही. निवडून दिलेला प्रमुख असायचा, त्याला 'डोजे' म्हणायचे. जोव्हान्नी दांदोलो डोजे असताना, 1284 मध्ये, व्हेनिसनं सोन्याचं एक नवं नाणं पाडलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम. सोनं त्या काळात जितकं शुद्ध करता येत होतं तितकं शुद्ध, म्हणजे आजच्या हिशेबानं जवळजवळ 24 कॅरेट. नाव, डुकाट.

नाण्याच्या एका बाजूला दोन माणसं आहेत. उभे आहेत ते संत मार्क, व्हेनिसचे रक्षणकर्ते संत. त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसलाय तो डोजे. संत त्याच्या हातात झेंडा देतायत, म्हणून मधे ती काठी. दुसऱ्या बाजूला येशू ख्रिस्त, बदामाच्या आकाराच्या चौकटीत, आणि आजूबाजूला चांदण्या. कडेनं लॅटिन अक्षरं: हे राज्य ख्रिस्ताला अर्पण, अशा अर्थाची.

आता या नाण्याची खरी करामत ऐका. 1284 पासून 1797 मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक संपवेपर्यंत, म्हणजे 500 वर्षांहून जास्त काळ, या नाण्याचं चित्र जवळपास तेच राहिलं. डोजे बदलला की नाव बदलायचं, बस. वजन तेच, कस तोच. आपल्याकडे मोबाइल अ‍ॅपचा लोगो दोन वर्षं टिकत नाही!

यांनी बदल का केला नाही? कारण हे नाणं परक्या बाजारात चालायचं होतं. कैरोचा सराफ, जेद्दाचा व्यापारी, कालिकतचा मिरीवाला, यांच्यापैकी कुणालाही लॅटिन येत नव्हतं. ते चित्र ओळखायचे. चित्र तेच म्हणजे सोनं तेच, इतका साधा हिशेब.

शिक्का, अशरफी आणि ओढणीवरची टिकली

युरोपला आपल्याकडचं खूप काही हवं होतं. मिरी, मसाले, सुती कापड. बदल्यात द्यायला त्यांच्याकडे आपल्याला हवं असं फारसं काही नव्हतं. मग काय द्यायचं? सोनं आणि चांदी. त्यामुळे डुकाट व्हेनिसहून इजिप्तला, तिथून तांबड्या समुद्रातून अरबी समुद्रात आणि मग आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिलं.

वाटेत त्यानं भाषांनाही चिकटून घेतलं. इजिप्तचा सुलतान अल-अश्रफ बार्सबाय यानं 1425 मध्ये डुकाटच्या वजनाला जुळणारं स्वतःचं सोन्याचं नाणं काढलं. त्याच्या 'अश्रफ' या नावावरून त्या नाण्याला अश्रफी म्हणायला लागले. होय, तीच अशरफी, जी आपल्या लहानपणच्या गोष्टींतल्या हंड्यात भरलेली असायची.

आणखी एक. व्हेनिसच्या टांकसाळीला 'झेक्का' म्हणतात. हा शब्द अरबी 'सिक्का'वरून आला, अर्थ नाण्याचा ठसा. त्याच सिक्क्यापासून आपला 'शिक्का' आला. आणि झेक्कामधून निघालेलं नाणं ते 'झेक्किनो'. ते फ्रेंचमध्ये गेलं, इंग्रजीत गेलं आणि झालं 'सीक्विन'. म्हणजे तुमच्या घागऱ्यावर चमचमणाऱ्या टिकल्या! ग्रामपंचायतीचा शिक्का आणि संगीतच्या ड्रेसवरचे सीक्विन ही चुलत भावंडं आहेत.

आणि आपण? आपण त्या नाण्याकडे पाहिलं, त्यावर माणसांच्या आकृती दिसल्या आणि नाव ठेवून टाकलं, पुतळी. सुटसुटीत.

हे नाव काही फक्त दागिन्याचं नव्हतं. कृष्णाजी अनंत सभासद यांनी छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला शिवचरित्राची बखर लिहिली, साधारण 1697 मध्ये. त्यात शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची लांबलचक यादी आहे. मोहरा आहेत, नाना प्रकारचे होन आहेत, आणि त्यांच्यातच पुतळ्याही आहेत. म्हणजे पुतळी आधी तिजोरीत होती. गळ्यातली आणि तिजोरीतली पुतळी बराच काळ एकच वस्तू होती.

नाणं गळ्यात घालायची आपली जुनी सवय

"पण नाणं गळ्यात का घालायचं?" असा प्रश्न मला एका श्रोत्यानं मागे विचारला होता. मला उलटं वाटतं. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या कधी होत्या? संस्कृतमधला 'निष्क' हा शब्द घ्या. ऋग्वेदात तो गळ्यातल्या दागिन्यासाठी येतो आणि पुढे सोन्याच्या नाण्यासाठी, वजनासाठी वापरला जातो.

मराठवाड्यातलं तेर माहितीय का? धाराशिव जिल्ह्यातलं. सातवाहनांच्या काळात हे मोठं व्यापारी गाव होतं. तिथल्या उत्खननात रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकला सापडल्यात. तेलंगणातल्या कोंडापूरलाही तशाच. त्यातल्या काहींना दोरा ओवायला भोक किंवा कडी आहे. म्हणजे जवळपास 2000 वर्षांपूर्वी इथं कुणीतरी रोमच्या बादशहाचा मुखवटा मातीत उमटवून गळ्यात घालून मिरवत होतं! ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, त्यानं मातीचं केलं. आजच्या वन ग्रॅम गोल्डचे हे पणजोबा.

तिकडे रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक त्याच सुमारास करवादत होता, की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून आमच्या साम्राज्यातून दरवर्षी 10 कोटी सेस्टर्शियस घेऊन जातात. त्यातलं थोडं कुणाच्या तरी गळ्यात गेलं असणार.

सोनारानं न येणारी अक्षरं कशी काढली

आता या भागातला मला सगळ्यात आवडणारा तुकडा.

खरी डुकाट मर्यादित येत होती आणि हौस अमर्याद. मग आपल्याकडच्या सोनारांनी पुतळ्या इथंच घडवायला सुरुवात केली. सोन्याचा पत्रा घ्यायचा, खोदलेल्या ठशावर ठेवून ठोकायचा, चकती कापायची, वर कडी डाखायची. काही पुतळ्या जाड, अगदी नाण्यासारख्या. पुष्कळशा पातळ पत्र्याच्या, कमी सोन्यात जास्त मोठा हार दिसावा म्हणून.

ठसा खोदणाऱ्या त्या माणसासमोर मूळ नाणं आहे. त्याला संत मार्क माहीत नाही. लॅटिन येत नाही. पण डोळा पक्का आहे. तो आकृत्या उतरवतो, काठी उतरवतो, चांदण्या उतरवतो, आणि अक्षरांपाशी येऊन थांबतो. त्याच्यासाठी त्या नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. मग तो त्यांची लय पकडतो. रेघ, रेघ, टिंब, रेघ. पुढच्या पिढीचा कारागीर या पुतळीवरून पुतळी करतो. लॅटिन आणखी विरघळतं. शेवटी उरते कडेची एक नाजूक नक्षी.

नाणी गोळा करणारे लोक भारतात घडलेली पुतळी बऱ्याचदा अशाच बिघडलेल्या अक्षरांवरून ओळखतात. त्यांच्या भाषेत ही 'नक्कल'. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. ख्रिस्ताला अर्पण केलेली एक ओळ नक्षी होऊन एखाद्या चितपावन किंवा मराठा घरातल्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभ्या असलेल्या बाईच्या गळ्यात विसावते, आणि कुणाचंच काही बिघडत नाही. उलट घर त्या चित्राला आपली माणसं देऊन टाकतं. राम, सीता, लक्ष्मी.

दक्षिणेत तर आणखी वेगळं झालं. तमिळ भागात या नाण्याला 'शाणार काशु' म्हणत. काशु म्हणजे नाणं. शाणार म्हणजे ताडावर चढून ताडी काढणारे लोक, आजचा नाडार समाज. तिथल्या लोकांना त्या झेंड्याच्या काठीत ताडाचं झाड दिसलं आणि गुडघे टेकलेल्या डोजेमध्ये झाडाशी झटणारा माणूस! ज्याच्या अंगणात जे झाड, तेच त्याला चित्रात दिसणार.

पिवळा, पण कुठला पिवळा?

आपल्या दागिन्यांत रंगांचे अर्थ बरेचसे ठरलेले आहेत. हिरवा चुडा म्हटलं की लग्नघर आलं. काळे मणी म्हटले की मंगळसूत्र. पुतळी हारात मात्र ना खडा, ना मोती, ना मीना. नुसता पिवळा.

पण सोनाराला विचारा, पिवळे किती प्रकारचे असतात. तांबं जास्त मिसळलं की सोनं लालसर दिसतं. चांदी जास्त झाली की फिकट, थोडं हिरवट. मशीन यायच्या आधी सोनार काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा आणि उमटलेल्या रेघेचा रंग वाचायचा. म्हणजे रंग हीच खात्री होती. व्हेनिसच्या नाण्याची सगळी पत त्या गडद पिवळ्या रेघेवर उभी होती.

या पिवळ्याला जोड असते लाल रंगाची. जुन्या हारांच्या मागच्या बाजूला सोन्याची साखळी नसायची, रेशमाचा दोरा आणि गोंडा असायचा. हे काम सोनाराचं नाही, पटवेकऱ्याचं. दोरा मानेला टोचत नाही, लांबी कमी-जास्त करता येते आणि तेवढं सोनंही वाचतं. झिजला की पटवेकऱ्याकडे जाऊन हार पुन्हा ओवून घ्यायचा.

या पिवळ्या रंगावर एकदा थेट सरकारचा घाला पडला होता. 1962 च्या चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. नवा दागिना 14 कॅरेटच्या वर करायचा नाही! 14 कॅरेट म्हणजे शंभरातलं जेमतेम 58 भाग सोनं. रंग उतरला आणि धातू कडक झाला. ठशावर पातळ पत्रा ठोकायचा तर सोनं मऊ हवं. देशभरात कितीतरी सोनारांचं काम गेलं. 14 कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, पण 1968 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो रद्द व्हायला 1990 उजाडलं. तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या कोकणातून निवडून गेलेले मधु दंडवते.

माझ्या आज्जीचं लग्न त्याच काळातलं. तिला माहेरून नवा हार करणं शक्यच नव्हतं. म्हणून तिच्या आईनं स्वतःचा हार काढला, दोरा सोडला आणि पुतळ्या दोन मुलींत मोजून वाटल्या.

एक एक सुटी होणारी बँक

आणि इथंच मला या डिझाइनची हुशारी कळते. तन्मणी वाटता येत नाही. नथ अर्धी करता येत नाही. पुतळी हार येतो. अडचण आली तर दोन पुतळ्या काढा, विका, उरलेला हार परत ओवा. हार आखूड होतो, संपत नाही. खऱ्या नाण्याच्या वजनाची पुतळी धरली तर 10 पुतळ्या म्हणजे साधारण 3 तोळे. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही, खातं नाही, तिच्यासाठी ही सुट्ट्या पैशात मोडता येणारी ठेव होती. आणि ती तिची स्वतःची. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात हेच ठणकावून सांगितलं, की स्त्रीधनावर पूर्ण मालकी त्या स्त्रीचीच, सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असतं.

बायकांच्या दागिन्यांवर या राज्यात काय काय उभं राहिलंय ते आठवा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये पडद्यावर आला, त्यामागे सरस्वतीबाई फाळक्यांनी दिलेले दागिने होते.

आमच्या घरात सिनेमा नाही, नर्सिंगची फी होती. तीन वर्षांपूर्वी मामेबहिणीची अ‍ॅडमिशन झाली आणि पैसे कमी पडले. आज्जीनं डबा उघडला. 42 पुतळ्यांचा हार. मामा म्हणाला, अख्खा मोडू, उरलेल्या पैशात एखादा नवा, हलका नेकलेस होईल. सराफानं मशीनवर एक पुतळी ठेवली. जुनी डाख, त्यामुळे कस 22 कॅरेटच्या जरा खालीच आला. तो म्हणाला, "आज्जी, घाट जुना झालाय. मोडीत वजनच धरतात, नक्षीचे पैसे येत नाहीत."

त्याचं काही चुकत नव्हतं. मोडीचा व्यवहार तसाच असतो. वजन करायचं, घट वजा करायची आणि मुशीत टाकायचं. नक्षी, ठसा, कारागिराचा हात, सगळं काही मिनिटांत वितळतं.

आज्जी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरीला किती कमी पडतायत? तेवढ्याच काढ." हिशेब झाला, 14 पुतळ्या गेल्या. उरलेल्या 28 तिनं पटवेकऱ्याकडून ओवून घेतल्या. बहिणीनं काळजीनं विचारलं, "आज्जी, लहान दिसतो ना गं आता?" आज्जी म्हणाली, "माझ्या आईचा याच्यापेक्षा मोठा होता. तिच्या आईचा त्याच्याहून मोठा असेल. लहान होतो तेव्हाच तो कामाला आलेला असतो."

मग आता पुतळीचं काय?

आज पुतळी सगळीकडे आहे. सोन्यात, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीत, काळपट केलेल्या ऑक्साइड चांदीत, पितळेत. जीन्सवर घालायची एकच पुतळी असलेली साखळी आहे, कानातल्या पुतळ्या आहेत. बऱ्याच ठशांवर आता स्पष्ट लक्ष्मी आहे, नीट कोरलेली, संगणकावर काढलेली. मला त्यात वाईट वाटत नाही. तेरच्या मातीच्या नाण्यापासून हेच चाललंय. प्रत्येक पिढी आपल्याला परवडेल त्या धातूत, आपल्याला ओळखू येईल ते चित्र उमटवते.

नव्या 'अँटिक फिनिश'ची मात्र थोडी गंमत वाटते. नवी चकती मुद्दाम काळवंडवतात, जुनी वाटावी म्हणून. आणि खऱ्या जुन्या पुतळीच्या खाचांत जो काळेपणा असतो, तो घाम, हळद, तेल आणि वर्षानुवर्षांच्या पदरांचा. आज्जी तो दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात घासून काढायची!

मोडू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सोन्याचा भाव चढला की घराघरांत डबे उघडतात, आणि कुणाची फी असते, कुणाचं ऑपरेशन. पुतळी त्यासाठीच आहे. पण तराजू तिच्यातली फक्त एक गोष्ट मोजतो, हे लक्षात ठेवा. बाकीच्या तुम्हालाच मोजून ठेवायच्या आहेत. म्हणून मुशीत जायच्या आधी एवढं करा.

एका पुतळीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, खिडकीशेजारी, तिरक्या उजेडात, म्हणजे उठाव दिसतो. कडेच्या रेघा नीट बघा. अक्षरं वाटतायत की नक्षी झालीय? पुतळ्या मोजा, आकडा लिहून ठेवा. आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून आज्जीला एवढंच विचारा, "हा आधी किती मोठा होता, आणि कुठल्या पुतळ्या कशासाठी गेल्या?"

माझ्या फोनमध्ये ते 11 मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात एका विहिरीचं खोदकाम आहे, एक बाळंतपण आहे, मामाची पहिली सायकल आहे. आणि शेवटी नर्सिंगची फी.

चला, आज इथंच थांबते. तुमच्या घरच्या पुतळीवर कोण आहे, राम-सीता, लक्ष्मी की व्हेनिसचा डोजे, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात नथीतल्या मोत्यांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!